रुग्ण टेबलावरून उतरवण्याआधी: मेंदूच्या धमनीतली गुठळी सीटीवर कशी शोधायची

"अंगावरून वारं गेलंय" म्हणत नातेवाईक रुग्णाला घेऊन येतात. कॅज्युअल्टीतून डोक्याचा साधा सीटी होतो आणि दहा मिनिटांत तोंडी रिपोर्ट मिळतो: रक्तस्राव नाही. रुग्ण वॉर्डात जातो. दुसऱ्या दिवशीच्या सीटीत डावा अर्धा मेंदू काळवंडलेला दिसतो, आणि आदल्या रात्रीचे काप (सीटीच्या एकेक आडव्या चकत्या) पुन्हा उघडावेत तर डावी एमसीए, म्हणजे मेंदूची मधली मोठी धमनी, पांढरीफटक. गुठळी तेव्हाही तिथेच होती. पण सीटीकडून फक्त 'ब्लीड आहे का' एवढंच हवं होतं, आणि तेवढं मिळाल्यावर बाकी कुणी पाहिलं नाही.

लकव्याच्या रुग्णाचा सीटी करताना तीन गोष्टी ठरवायच्या असतात. रक्तस्राव आहे का, मेंदूचा किती भाग आधीच गेला आहे, आणि कुठली धमनी कुठे बंद आहे. पहिलं उत्तर कुठल्याही मशीनवर, कुठल्याही जाडीच्या कापात मिळतं. तिसऱ्यासाठी पातळ काप, अरुंद विंडो (पडद्यावर करड्या रंगांत दाखवायचा घनतेचा टप्पा) आणि रुग्ण टेबलावर असतानाच केलेली सीटी अँजिओग्राफी लागते, म्हणजे शिरेतून कॉन्ट्रास्ट हे धमन्या उजळवणारं औषध देऊन केलेला स्कॅन. पुढचं सगळं त्या तिसऱ्या प्रश्नाबद्दल आहे, आणि ते रात्रपाळीचे टेक्निशियन, कॅज्युअल्टीचे डॉक्टर व रेसिडेंट यांना समोर ठेवून लिहिलं आहे.

घाई कशासाठी, तेही आकड्यांत पाहू. मोठी धमनी बंद झाली की दर मिनिटाला सुमारे १९ लाख चेतापेशी मरतात. गुठळी विरघळवण्याचं इंजेक्शन पहिल्या साडेचार तासांत द्यायचं असतं. कॅथेटरने गुठळी ओढून काढायची प्रक्रिया, म्हणजे थ्रोम्बेक्टॉमी, ६ तासांपर्यंत, आणि निवडक रुग्णांत २४ तासांपर्यंत करता येते. चंदगडहून कोल्हापूर गाठायला दोन-अडीच तास सहज जातात. गळीत हंगामात रस्त्यावर उसाच्या ट्रॉल्या असल्या की त्याहून जास्त. म्हणजे निम्मा वेळ दारात पोचेपर्यंतच संपलेला असतो.

टेबलावर घेण्याआधी

"कधी झालं?" असं विचारलं की मिळणारं उत्तर बहुतेक वेळा चुकीचं असतं. नातेवाईक सांगतात 'सहाला', म्हणजे सहाला त्यांच्या लक्षात आलं. आपल्याला हवी असते ती रुग्ण शेवटचा धड होता ती वेळ. तेव्हा प्रश्न असा टाका: "मावशी, काकांना शेवटचं नीट बोलताना कुणी बघितलं? पहाटे धार काढायला उठले होते का? डेअरीत दूध घालायला स्वतः गेले होते का?" गावच्या संस्थेची दूध संकलनाची वेळ ठरलेली असते, त्यावरून अंदाज पक्का होतो. रुग्णाच्या मोबाइलवरचा शेवटचा कॉल हा त्याहून भरवशाचा पुरावा. झोपेतून उठल्यावर लकवा दिसला असेल तर झोपायला गेल्याची वेळ धरायची.

साखर तपासल्याशिवाय सीटीकडे नेऊ नका. ६० मिलिग्रॅमच्या खाली गेलेली साखर हुबेहूब लकव्यासारखी दिसते आणि ती लक्षणं ग्लुकोज दिल्यावर उतरतात. तोंडाने पाणी, चहा, गोळी काहीही देऊ नका. गिळता येत नसेल तर ते फुप्फुसात जाईल.

कॅन्युला (शिरेत ठेवायची नळी) कॅज्युअल्टीतच लावा, सीटीच्या खोलीत नाही. उजव्या कोपराच्या आतल्या बाजूची शीर, १८ नंबरची हिरवी कॅन्युला. ती जमली नाहीच तर २० नंबरची गुलाबी. मनगटावरची निळी २२ नंबरची लावून पाठवली की अँजिओ फसली असं समजा. उजवा हात यासाठी, की डाव्या हातातून दिलेला कॉन्ट्रास्ट महाधमनीच्या कमानीपुढून आडव्या जाणाऱ्या शिरेतून येतो आणि त्याच्या पांढऱ्या रेघोट्या नेमक्या मानेच्या धमन्यांच्या मुळांवर पडतात. रुग्णाचा उजवाच हात लुळा असेल तर कॅन्युला तिथे चालते, पण संवेदना गेलेल्या हातात कॉन्ट्रास्ट बाहेर गळला तरी रुग्ण ओरडत नाही. आधी २० मिली सलाइन त्याच वेगाने मारून पाहायचं आणि तेव्हा एकाने हातावर बोट ठेवून उभं राहायचं.

दागिने काढताना फक्त गळ्याकडे लक्ष जातं. कानातलं जास्त घात करतं. बुगडी, झुबे, कुड्या कवटीच्या तळाच्या पातळीवर येतात आणि त्यांच्या रेघा थेट मेंदूच्या खोडाला रक्त देणाऱ्या बॅसिलर धमनीवरून जातात. नथ आणि काढता येणारी कवळीही काढा. अँजिओ करायची म्हणजे मानही कापांत येणार, तेव्हा मंगळसूत्र आणि साजही उतरवा. सगळं नातेवाइकांच्या हातात देऊन नोंदवहीत सही घ्या. हे दोन मिनिटांचं काम स्ट्रेचरवर होतं, टेबलावर केलं की टेबल अडतं.

क्रिएटिनिनच्या रिपोर्टसाठी थांबायचं का? मूत्रपिंडाचा जुना आजार माहीत नसेल तर थांबायचं नाही. सॅम्पल पाठवा आणि अँजिओ करा. डायलिसिसवरचा रुग्ण, आधी कॉन्ट्रास्टने गंभीर रिअ‍ॅक्शन आलेला रुग्ण, यांच्याबाबत मात्र डॉक्टरांनी निर्णय घ्यायचा. मधुमेहाची मेटफॉर्मिन ही गोळी चालू आहे म्हणून अँजिओ अडत नाही. मूत्रपिंड खूपच कमजोर निघालं तर गोळी नंतर थांबवतात. रिअ‍ॅक्शनचा ट्रे हाताशी हवा. मोठ्या माणसाला गंभीर रिअ‍ॅक्शन आली तर १:१००० अ‍ॅड्रिनॅलिन, अर्धा मिली, मांडीच्या स्नायूत.

मशीनच्या बाजूने दोन गोष्टी. रात्रभर थंड पडलेली ट्यूब वॉर्म-अप मागते आणि ती मिनिटं रुग्ण टेबलावर असताना जातात. पाळी सुरू होतानाच वॉर्म-अप आणि एअर कॅलिब्रेशन उरकून ठेवा. पाण्याच्या फँटममध्ये (तपासणीच्या पाणीभरल्या डब्यात) घनतेचा आकडा, म्हणजे एचयू, शून्याच्या आसपास, फार तर पाचने वर-खाली हवा. गुठळी ओळखण्याचा सगळा खेळ पाच-दहा युनिटांचा असल्यामुळे इथली ढिलाई थेट निदानात उतरते. दुसरं, कॉन्ट्रास्टची बाटली वॉर्मरमध्ये ३७ अंशांवर ठेवा. थंड ३५० स्ट्रेंथचा कॉन्ट्रास्ट घट्ट असतो, इंजेक्टरचं प्रेशर चढतं आणि तो ऐनवेळी बंद पडतो.

साधा सीटी: जाडी आणि विंडो

डोकं सरळ. हनुवटी किंचित खाली, कपाळावर आणि हनुवटीवर पट्टा. मान एका बाजूला कलली असेल तर एका बाजूची एमसीए कापात येते आणि दुसरी निसटते, मग जी दिसते तीच 'दाट' वाटू लागते. रुग्ण वळवळत असेल आणि डोकं सरळ राहत नसेल तर तसाच स्कॅन घ्या, पण वाचण्यापूर्वी मॉनिटरवर काप फिरवून दोन्ही बाजू सारख्या करा. फोरामेन मॅग्नम या कवटीच्या तळाच्या भोकापासून टाळूपर्यंत, १२० केव्ही.

आता जाडी. फिल्मवर ५ मिमीचे काप छापले जातात आणि बहुतेक ठिकाणी तेवढेच साठवले जातात. त्यात गुठळी का हरवते, ते एका साध्या गणितात कळतं. एमसीएचा पहिला भाग, एम-वन, साधारण ३ मिमी रुंद. त्यात ६५ एचयूची गुठळी आहे आणि आजूबाजूला १० एचयूचं पाणी. ५ मिमीच्या कापात ३ मिमी गुठळी आणि २ मिमी पाणी आलं तर सरासरी पडते ४३. वाहतं रक्त चाळिशीत, करडा मेंदूही चाळिशीच्या आसपास. म्हणजे गुठळी आजूबाजूच्या करड्या रंगात विरघळून गेली. तीच गुठळी १ मिमीच्या कापात ६५ वाचेल. जाड कापांत अशा साधारण निम्म्या गुठळ्या निसटतात.

म्हणून प्रत्येक लकव्याच्या रुग्णाला ०.६२५ किंवा १ मिमीचं सॉफ्ट कर्नलवरचं (चित्र कमी कणीदार ठेवणाऱ्या गणितावरचं) रिकन्स्ट्रक्शन, म्हणजे त्याच डेटातून पुन्हा काप बनवणं, करायचंच. त्यासाठी वेगळा स्कॅन लागत नाही, रेडिएशन वाढत नाही. फक्त प्रोटोकॉलमध्ये दुसरी रिकन सिरीज कायमची जोडून ठेवावी लागते. कच्चा डेटा मशीनवर दिवस-दोन दिवसांत पुसला जातो, नंतर मागून मिळत नाही. बोन कर्नलचे पातळ काप यासाठी कामाचे नाहीत, त्यात कण इतके येतात की काहीच कळत नाही. सॉफ्ट कर्नलमध्येही १ मिमी खरखरीत दिसतं, तेव्हा वाचताना मॉनिटरवर ३ ते ५ मिमीची एमआयपी पट्टी (शेजारचे काप एकत्र करून) लावा. एमआयपी सरासरी काढत नाही, सगळ्यांत दाट बिंदू दाखवते.

विंडो: नेहमीची ब्रेन विंडो रुंदी ८०, पातळी ४०. स्ट्रोकसाठी रुंदी ४०, पातळी ४० करा. म्हणजे २० ते ६० एवढ्याच टप्प्यात सगळे करडे रंग वाटले जातात आणि ५०-८० एचयूची गुठळी उठून येते. याच विंडोवर इन्सुला आणि लेंटिफॉर्म न्यूक्लियस हे मेंदूचे आतले भाग पुसट झालेलेही कळतात.

नजर कुठून सुरू करायची? डोळ्यांपासून. कवटीच्या तळाच्या कापात रुग्णाची नजर कुठल्या बाजूला वळली आहे ते बुबुळांवरून दिसतं. मोठ्या गुठळीत डोळे बहुधा गुठळीच्या बाजूला वळलेले असतात. रुग्णाचा उजवा हात लुळा आणि डोळे डावीकडे, म्हणजे डाव्या बाजूला कसून शोधा. मग सेलाच्या (पिट्युटरी ग्रंथी बसते त्या हाडाच्या खोबणीच्या) वरच्या पाण्याच्या जागेत दोन्ही आयसीएची (मानेतून मेंदूत येणाऱ्या आतल्या कॅरोटिड धमन्यांची) टोकं पाहा, तिथून बाहेर जाणारा एम-वन, सिल्व्हियन फिशरमधले (मेंदूच्या बाजूच्या खोल घडीतले) एम-टूचे, म्हणजे एम-वनच्या पुढच्या फांद्यांचे ठिपके, मधल्या फटीत एसीए (मेंदूची पुढची धमनी), मेंदूच्या खोडातल्या पॉन्सच्या पुढ्यात बॅसिलर, आणि त्याच्या वरच्या मिडब्रेनला वळसा घालणाऱ्या पीसीए (मेंदूच्या मागच्या धमन्या). दर ठिकाणी आधी डावी-उजवी तुलना आणि मग आकडा.

आकडा घेताना आरओआय (मोजणीसाठी पडद्यावर काढायचं वर्तुळ) अगदी लहान, धमनीच्या आतच बसेल एवढा ठेवा. तीन जागी मोजा. ४३ एचयूच्या वर आणि दुसऱ्या बाजूच्या १.२ पट किंवा जास्त, हा बऱ्यापैकी टिकाऊ निकष. यातला दुसरा भाग पहिल्यापेक्षा महत्त्वाचा आहे. आपल्याकडे रक्त कमी असलेल्या बायका पुष्कळ. हिमोग्लोबिन सात असेल तर वाहतं रक्त तिशीत वाचतं आणि गुठळी पंचेचाळीसला. नुसता आकडा पाहिला तर 'नॉर्मल' वाटेल, दुसऱ्या बाजूशी भागाकार केला तर दीडपट निघेल. उलट शरीरातलं पाणी आटलेला किंवा हिमॅटोक्रिट (रक्तातलं तांबड्या पेशींचं प्रमाण) वाढलेला रुग्ण असेल तर सगळ्याच धमन्या आणि शिरा पन्नाशीला जातात. दोन्ही बाजू सारख्या दाट असतील तर ती गुठळी नव्हे.

गुठळी दाट का दिसते, हे माहीत असलं की ती न दिसण्याचा अर्थही कळतो. थिजलेल्या रक्तातून प्लाझ्मा पिळून निघतो, तांबड्या पेशी एकवटतात आणि हिमोग्लोबिनमुळे एचयू वाढतो. फायब्रिन आणि प्लेटलेटचीच गुठळी असेल तर ती फिकी राहते, साध्या सीटीवर दिसतच नाही. म्हणून 'दाट धमनी दिसली' याला वजन आहे, 'दिसली नाही' याला नाही. १९८३ साली गाक्स आणि सहकाऱ्यांनी ही खूण मांडली. मशीन किती बदलली, हा एकतर्फीपणा तसाच राहिला.

फसवणाऱ्या गोष्टी आणखी आहेत. साठीच्या पुढच्या रुग्णांत धमनीच्या भिंतीत कॅल्शियम असतं. ते शंभराच्या वर वाचतं, आणि पातळ कापात धमनीच्या दोन्ही कडांना रुळांसारखं समांतर दिसतं, पोकळी मोकळी राहते. बोन विंडो लावली की ते तसंच टिकतं, साधी गुठळी मात्र नाहीशी होते. एखादाच दाट, गोल, कॅल्शियमचा तुकडा एम-वन किंवा एम-टूमध्ये अडकलेला दिसला आणि बाकी धमन्या स्वच्छ असतील तर तो वाहून आलेला कॅल्शियमचा खडा असू शकतो, हृदयाच्या झडपेतून किंवा कॅरोटिडमधून. असा खडा इंजेक्शनने विरघळत नाही, हे रिपोर्टात लिहा. दुसऱ्या हॉस्पिटलात काही तासांपूर्वी कॉन्ट्रास्ट दिलेला असेल तरी धमन्या उजळ दिसतात. तेव्हा आधी कुठे काही झालं का, हे विचारूनच साधा सीटी वाचा.

बॅसिलरबद्दल वेगळं सांगायला हवं, कारण ती सगळ्यांत जास्त निसटते आणि सगळ्यांत जास्त जीव घेते. चक्कर, उलट्या, बोबडी वळणं, दोन दिसणं आणि मग बेशुद्धी, असा रुग्ण येतो. हातापायांची ताकद दोन्हीकडे कमी, म्हणून 'लकवा' हा शब्द कुणाच्या तोंडी नसतो. साध्या सीटीत कानाच्या दोन हाडांच्या मध्ये पॉन्सवर काळा-पांढरा पट्टा पडतो आणि बॅसिलर नेमकी त्याच्या पुढ्यात. पातळ काप घेऊन सॅजिटल रिफॉर्मॅट ३ मिमीचा काढा आणि पॉन्सच्या पुढची उभी रेघ पाहा. तिथे दाट कांडी दिसली, किंवा दिसली नाही पण रुग्ण वर सांगितल्यासारखा आहे, तर अँजिओ कराच.

त्याच स्कॅनवर अ‍ॅस्पेक्ट्स मोजून टाका. मेंदूचा किती भाग शाबूत आहे त्याचे हे गुण, दहातून सुरुवात. कॉडेट, लेंटिफॉर्म, इंटर्नल कॅप्सूल, इन्सुला आणि एम-वन ते एम-सिक्स असे कॉर्टेक्सचे सहा भाग, जितके गेले तितके गुण वजा. इथला एम-वन म्हणजे मेंदूचा भाग, धमनीचा एम-वन नव्हे. फोनवर बोलताना हा घोळ नेहमी होतो, म्हणून 'एम-वन धमनी' आणि 'एम-वन भाग' असं पूर्ण बोला.

अँजिओ: त्याच टेबलावर, त्याच ऑर्डरीत

साध्या सीटीत रक्तस्राव नाही एवढं दिसलं की रुग्ण न हलवता अँजिओ. इथे अडचण तांत्रिक नसते. ऑर्डर प्लेनची, म्हणजे साध्या सीटीची असते, संमती घेतलेली नसते, बिल वेगळं करायचं असतं, आणि टेक्निशियनला कुणी अधिकार दिलेला नसतो. उपाय एकच: 'स्ट्रोक' असा एकच लेखी प्रोटोकॉल, त्यात प्लेन आणि अँजिओ दोन्ही, संमती कॅन्युला लावतानाच, आणि रेडिऑलॉजिस्ट व फिजिशियन दोघांची सही. योजनेची कागदपत्रं दुसऱ्या नातेवाइकाने दुसऱ्या खिडकीवर करत राहावीत. इंजेक्शन द्यायचं ठरलं असेल तर ते अँजिओसाठी थांबत नाही. औषध टेबलावरही सुरू करता येतं.

महाधमनीच्या कमानीपासून टाळूपर्यंत, खालून वर. १०० ते १२० केव्ही, ०.६ ते १ मिमी काप. ३५० किंवा ३७० स्ट्रेंथचा कॉन्ट्रास्ट सेकंदाला ४ ते ५ मिली, मागे ४० मिली सलाइन त्याच वेगाने. कॉन्ट्रास्ट किती घ्यायचा ते मशीनवर ठरतं, पाठ केलेल्या आकड्यावर नाही. स्कॅनला लागणारे सेकंद अधिक ट्रिगरनंतरचे (महाधमनीत कॉन्ट्रास्ट पोचल्याच्या इशाऱ्यानंतरचे) ५-६ सेकंद, गुणिले वेग. ६४ स्लाइसला मान आणि डोकं ५-६ सेकंदांत होतं, तिथे ५० ते ६० मिली पुरतात. १६ स्लाइसला तेच अंतर १४-१५ सेकंद घेतं. २० सेकंद गुणिले ४, म्हणजे ८० मिली. १६ स्लाइसवर ५० मिलीत काम भागवायला गेलं की मान भरलेली आणि डोकं रिकामं असा स्कॅन मिळतो, आणि सगळ्याच धमन्या बंद वाटतात.

ट्रॅकिंगचा आरओआय चढत्या महाधमनीत किंवा कमानीत, उंबरठा १०० एचयू. ठरावीक सेकंदांवर स्कॅन सोडणं टाळा. हृदय कमजोर असलेल्या किंवा झडपेचा जुना आजार आणि अनियमित ठोके असलेल्या रुग्णात, आणि गुठळ्या तयार होतात त्या बहुधा अशाच रुग्णांत, कॉन्ट्रास्ट फार उशिरा पोचतो. ट्रॅकिंगच्या पडद्यावर महाधमनी उजळलेली डोळ्यांना दिसते आहे, पण आकडा उंबरठा ओलांडत नाही, असं झालं तर हाताने सोडा.

पहिला फेज (स्कॅनचा पहिला फेरा) संपला की लगेच ८ सेकंदांनी फक्त डोक्याचा दुसरा फेज, आणखी ८ सेकंदांनी तिसरा. नवा कॉन्ट्रास्ट लागत नाही. मशीनला तीन जमत नसतील तर एक उशिराचा फेज तरी घ्याच. त्याचा उपयोग खाली येतो.

वाचताना पहिल्यांदा २० मिमी जाडीची आडवी एमआयपी पट्टी. मोठी गुठळी यात दहा सेकंदांत दिसते: एका बाजूची एमसीए कापल्यासारखी थांबलेली किंवा अंतर्गोल कड घेऊन संपलेली. मग तीच पट्टी कोरोनलमध्ये, आणि शेवटी पातळ काप एकेक करून. हाडं आपोआप पुसणारं सॉफ्टवेअर सुरुवातीला वापरू नका. कवटीच्या तळाशी आयसीए हाडातून जाते, तिथे ते हाडाबरोबर धमनीही पुसून टाकतं आणि नसलेली बंद धमनी दाखवतं.

एम-टूच्या गुठळ्या मात्र या पट्टीत लपतात, कारण शेजारची फांदी पुढे येऊन जागा भरते. तिथे उशिराचा फेज कामाला येतो. दुसऱ्या फेजमध्ये बाकी सगळीकडचा कॉन्ट्रास्ट ओसरलेला असतो, पण बंद फांदीच्या पलीकडच्या धमन्या वळसा घालून भरत असल्यामुळे तेव्हा कुठे उजळतात. मेंदूच्या एकाच तुकड्यात उजळ फांद्यांचा पुंजका राहिलेला दिसला, की त्यातली एक फांदी धरून मागे मागे सिल्व्हियन फिशरकडे चाला. जिथे ती तुटते तिथे गुठळी. नुसत्या पहिल्या फेजवर हे शोधायला वीस मिनिटं लागतात आणि तरी चुकतं.

गुठळीची लांबीही याच फेजवर मोजा, कारण पलीकडचं टोक तेव्हाच भरतं. पहिल्या फेजमध्ये मोजली तर खरी आहे त्याहून लांब येते. लांबी ८ मिमीच्या वर असेल तर नुसत्या इंजेक्शनने ती विरघळण्याची आशा फार धरू नये, थ्रोम्बेक्टॉमीच्या केंद्राला लगेच फोन जावा.

अँजिओत चुका ठरावीक जागी होतात. आयसीए डोक्यात वरच्या टोकाला बंद असते तेव्हा मानेत कॉन्ट्रास्ट चढतच नाही, आणि ती कॅरोटिडच्या फाट्यापासूनच बंद आहे असं वाटतं. उशिराच्या फेजमध्ये मानेचा वरचा भाग आला असेल तर हळूहळू भरलेली दिसते. कॅथेटर घालणाऱ्याला वाट मोकळी आहे की नाही हे त्यावर ठरतं. एक व्हर्टिब्रल (मणक्यांच्या भोकांतून वर जाणारी धमनी) बारीक दिसली तर मणक्याचं भोक पाहा. भोकही लहान असेल तर धमनी जन्मतःच बारीक, भोक मोठं आणि धमनी गायब असेल तर खरी बंद. पीसीएचा पहिला भाग दिसत नसेल तर ती आयसीएकडून येते का ते पाहा, पुष्कळांत ती तशीच असते. एम-वन निमुळता होत गेलेला आणि इतर धमन्यांनाही खरखर असेल तर वाहून आलेल्या गुठळीपेक्षा जागच्या जागी झालेला जुना अडथळा असण्याची शक्यता धरा. आशियाई लोकांत तो जास्त आढळतो आणि ओढून काढला तरी धमनी पुन्हा बंद होऊ शकते, हे पुढच्या डॉक्टरला आधी कळलेलं बरं. पन्नाशीच्या आतला रुग्ण आणि मानेत दुखल्याचा इतिहास असेल तर मानेची धमनी आतून फाटली आहे का तेही बघा.

परफ्युजन, म्हणजे मेंदूच्या कुठल्या भागात किती रक्त पोचतं ते मोजणारा स्कॅन, सगळ्यांना लागत नाही. सहा तासांच्या पुढचा किंवा झोपेतून उठलेला रुग्ण असेल आणि मोठी धमनी बंद असेल तर त्याचा उपयोग. साधारणपणे रक्तपुरवठा ३० टक्क्यांच्या खाली गेलेला भाग गेला असं मानतात, टीमॅक्स (कॉन्ट्रास्ट पोचायला झालेला उशीर) ६ सेकंदांच्या वर असलेला भाग धोक्यात. २०१८ साली आलेल्या डिफ्यूज-३ चाचणीत गेलेला भाग ७० मिलीपेक्षा कमी, धोक्यातला भाग किमान १५ मिली जास्त आणि दोन्हींचं गुणोत्तर १.८ किंवा वर, असे निकष होते. रुग्ण हलला किंवा मानेची कॅरोटिड आधीच अरुंद असली तर रंगीत नकाशा खोटं बोलतो, तेव्हा सॉफ्टवेअरचे आकडे वाचण्याआधी कॉन्ट्रास्टच्या आलेखाची चढ-उतार पूर्ण झाली आहे का ते बघा.

कळवायचं काय आणि कसं

लाइट बॉक्सवर लावलेल्या फिल्मचा मोबाइलने काढलेला फोटो पाठवणं बंद करायला हवं. ती फिल्म ५ मिमीची, ब्रेन विंडोवरची, त्यात गुठळी आधीच हरवलेली असते. पॅक्सची (स्कॅन साठवून दुसरीकडे दाखवणाऱ्या यंत्रणेची) लिंक नसेल तर मॉनिटरवर ४०-४० विंडो लावून पातळ काप वर-खाली फिरवतानाचा व्हिडिओ काढा, अँजिओच्या एमआयपीचाही तसाच. पडद्यावरचं रुग्णाचं नाव झाकून घ्या. मूळ डायकॉम फाइल सीडीत किंवा पेन ड्राइव्हमध्ये रुग्णाबरोबर, पातळ सिरीजसकट. ती सोबत गेली नाही तर पुढच्या हॉस्पिटलात तोच स्कॅन पुन्हा होतो आणि अर्धा तास जातो.

फोनवर सांगायच्या गोष्टी एका दमात सांगता येतील एवढ्याच: शेवटचा बरा होता ती वेळ, सीटीची वेळ, रक्तस्राव नाही, डावी एम-वन धमनी बंद, गुठळी अंदाजे १२ मिमी, अ‍ॅस्पेक्ट्स ८, वळशाचा पुरवठा दुसऱ्या बाजूच्या निम्म्याहून जास्त, इंजेक्शन कधी दिलं. रुग्ण कुठे पाठवायचा हे जवळच्या मोठ्या इमारतीवरून ठरवू नका. कॅथलॅब आणि ती प्रक्रिया करणारा डॉक्टर आज रात्री हजर आहे का, ते विचारून ठरवा. चंदगडच्या रुग्णाला बेळगाव जवळ पडतं, तिथेही फोन करा.

ज्या सेंटरवर इंजेक्टर नाही तिथे हाताने कॉन्ट्रास्ट ढकलून अँजिओचा खटाटोप करू नका. पातळ कापांसह साधा सीटी घ्या, वेळ बसत असेल आणि डॉक्टर हजर असतील तर इंजेक्शन सुरू करा, १०८ बोलवा आणि गाडी येईपर्यंत व्हिडिओ पाठवा.

२४ तासांनंतरचा सीटी रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या सुरू करण्याआधी होतो. तोही त्याच जाडीत, त्याच विंडोवर घ्या, म्हणजे आदल्या दिवशीच्या जागी दाट धमनी राहिली की गेली हे शेजारी ठेवून सांगता येतं. थ्रोम्बेक्टॉमी झालेल्या रुग्णात बेसल गँग्लियात (मेंदूच्या आतल्या गाभ्यात) पांढरा डाग दिसला तर लगेच रक्तस्राव म्हणू नका. झिरपलेला कॉन्ट्रास्टही तसाच दिसतो आणि २४ ते ४८ तासांत फिका पडतो, रक्त तसं पडत नाही. ड्युअल एनर्जी मशीन असेल तर कॉन्ट्रास्टमधल्या आयोडीनचा नकाशा काढून हे तिथल्या तिथे वेगळं करता येतं. नसेल तर दुसऱ्या दिवशी पुन्हा स्कॅन.